तळपायाचा व्रण : परिचारिका व पादचिकित्सक यांच्या सहकार्याचा इतिहास

देहाच्या व्याधींचे निरनिराळ्या व्यवसायांत वाटप कसे झाले, याचा इतिहास शास्त्राच्या प्रगतीचा जितका असतो तितकाच तो हक्कांचा, दर्जाचा आणि शब्दांचाही असतो. तळपायाच्या व्रणाच्या बाबतीत तर असे म्हणावयास हरकत नाही की, वाटपाची ही रेषा दीर्घकाळ एकाच पायावरून आखलेली होती. ब्रिटनमध्ये पायाचे कुरूप, घट्टा व रुतलेले नख ही कायरोपोडिस्टची बाब ठरली आणि उघडी जखम ही परिचारिकेची. वस्तुतः मधुमेहाने वा कुष्ठाने बधिर झालेल्या पायात घट्टा आणि जखम ही दोन दुखणी नव्हेत. एकाच दुखण्याच्या त्या दोन अवस्था होत. घट्ट्याखाली जखम तयार होते आणि जखमेच्या कडेने पुन्हा घट्टा चढतो. ही गोष्ट उमगण्यास आणि उमगल्यावर दोन व्यवसायांना एका खोलीत बसविण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. या विलंबाची किंमत रुग्णांनी पायाने मोजली. ब्रिटनमधील सार्वजनिक पादचिकित्सा-सेवेत परिचारिकांनी व्रणोपचार करावा ही आज साधी वाटणारी व्यवस्था कोणत्या मार्गाने आली, आणि त्या मार्गातील एक महत्त्वाचा टप्पा हिंदुस्थानात कसा होता, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल, कारण व्यवसायांच्या सीमा पुष्कळदा शब्दांनीच आधी घातलेल्या असतात. मराठीत या विषयाची शब्दसंपत्ती बरीच आहे, पण तिची घडण मिश्र आहे. ‘जखम’ फारसीतून आली; ‘मलमपट्टी’तील मलम मूळ अरबी ‘मर्हम’चे रूपांतर. संस्कृत ‘घात’ मराठीत ‘घाय’ होऊन ‘घायाळ’मध्ये टिकला. संस्कृत ‘व्रण’ शब्दाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे. त्याचे तद्भव रूप ‘वण’ मराठीत उरले ते जखमेच्या अर्थाने नव्हे, तर जखम भरून आल्यावर मागे राहणाऱ्या खुणेच्या अर्थाने. आणि न भरणाऱ्या जखमेसाठी वैद्यकीय लेखनात पुन्हा तत्सम ‘व्रण’च घ्यावा लागला. सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि त्यांत शोधन व रोपण, म्हणजे जखम स्वच्छ करणे व ती भरून आणणे, यांना मोठे स्थान आहे. याच संहितेत पायाच्या कुरुपाला ‘कदर’ असे नाव असून त्याची गणना मात्र ‘क्षुद्ररोगां’त केली आहे. एकाच ग्रंथात जखमेला स्वतंत्र अध्याय आणि कुरुपाला क्षुद्र रोगांच्या यादीत जागा, ही विभागणी पुढे पाश्चात्त्य जगातही वेगळ्या कारणांनी पण तशीच झाली, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जे चालताना टोचते पण माणसाला अंथरुणाला खिळवीत नाही, त्याला वैद्याच्या लेखी मोल नसते. आपल्याकडे नखे काढण्याचे काम न्हाव्याकडे होते. युरोपातही कुरूप कापणारे लोक जत्रांतून व रस्त्यांतून हिंडत असत.

या हिंडणाऱ्या कारागिरांतून एक व्यवसाय उभा करण्याचा प्रयत्न इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. ‘कायरोपोडिस्ट’ हा शब्द १७८५ च्या सुमारास लंडनमध्ये डी. लो याच्या पुस्तकाबरोबर प्रचारात आला. ग्रीक भाषेतील हात व पाय यांचे वाचक दोन शब्द जोडून तो बनविला आहे, असे सामान्यतः मानतात. जो माणूस व्यवहारात जवळजवळ फक्त पायच हाताळतो त्याच्या नावात हात का आला, याविषयी कोशकारांत एकवाक्यता नाही. परंतु ग्रीक नाव धारण करण्यामागील हेतू उघड आहे. रस्त्यावरील कुरूप कापणाऱ्यापासून स्वतःला वेगळे दाखवावयाचे होते. पुढे लुइस डर्लाकर या लंडनच्या शस्त्रवैद्याने १८४५ मध्ये पायाच्या विकारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो तीन इंग्लिश राज्यकर्त्यांचा राजपादचिकित्सक होता. पायाच्या बोटांमधील ज्ञानतंतूच्या ज्या दुखण्याला नंतर मॉर्टन या अमेरिकन शस्त्रवैद्याचे नाव मिळाले, त्याचे वर्णन डर्लाकरच्या ग्रंथात आधीच आढळते. तरीही हा वर्ग रुग्णालयाच्या दाराबाहेरच राहिला. १९१३ मध्ये लंडनमध्ये गरिबांसाठी पायांचे एक स्वतंत्र चिकित्सालय निघाले व त्यातूनच पुढे लंडन फूट हॉस्पिटल झाले. पण ते रुग्णालयांच्या मुख्य प्रवाहात गणले गेले नाही.

परिचारिकेचा मार्ग निराळा होता. विल्यम रॅथबोन या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने आपल्या पत्नीच्या अखेरच्या आजारात तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला १८५९ मध्ये गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी तीन महिन्यांपुरते नेमले. महिनाभरात ती परत आली; त्या घरांतील दैन्य तिला पाहवेना. रॅथबोनने तिची समजूत घालून तिला पुन्हा पाठविले आणि तीन महिन्यांच्या अखेरीस तिला दुसरे कोणतेही काम नकोसे झाले. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या सल्ल्याने लिव्हरपूलमध्ये परिचारिकांची शाळा निघाली, शहराचे अठरा भाग पाडले गेले आणि प्रत्येक भागाला एक परिचारिका मिळाली. तिला ‘डिस्ट्रिक्ट नर्स’ म्हणतात. मराठीत तिचे ‘जिल्हा परिचारिका’ असे भाषांतर होते ते भ्रामक आहे. येथील ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा नव्हे, तर एका बाईला पायी फिरून पुरवता येईल एवढी वस्ती होय. ‘गृहपरिचारिका’ हा शब्द त्या मानाने बरा. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्त्रियांनी जमविलेल्या देणगीतून सत्तर हजार पौंड या कार्याला दिले आणि त्या परिचारिकांची एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

या गृहपरिचारिकेच्या दिवसाचा मोठा भाग जखमा धुण्यात व पट्ट्या बदलण्यात जात असे आणि त्यांतील बऱ्याच जखमा वृद्धांच्या पायांवर असत. पण ती पायाकडे पाहावयाची ती जखमेच्या बाजूने. पादत्राण कसले आहे, रुग्ण पावलाचा कोणता भाग टेकवून चालतो, जखमेभोवतीची कातडी का जाड झाली आहे, हे प्रश्न तिच्या शिक्षणात नव्हते. कायरोपोडिस्टला हे सर्व ठाऊक असे, परंतु उघड्या जखमेला हात लावण्याइतकी प्रतिष्ठा त्याला नव्हती. दोघांनाही एकमेकांची गरज आहे हे कोणी म्हटले नाही, कारण दोघे क्वचितच भेटत.

राज्यव्यवस्थेनेही ही रेषा काही काळ गडद केली. १९४६ च्या कायद्याने १९४८ पासून ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. गृहपरिचारिकेची सेवा पुरविणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. पादचिकित्सा मात्र प्रारंभी बव्हंशी स्वयंसेवी संस्थांवर सोडलेली होती. १९५९ मध्ये सरकारी अनुमतीनंतर स्थानिक संस्था वृद्ध, अपंग व गर्भवती यांना प्राधान्य देऊन ही सेवा पुरवू लागल्या. याच सुमारास नावाचाही एक वाद झाला. १९५१ मध्ये ज्या समित्यांनी अहवाल दिला त्यांनी या वर्गांना ‘वैद्यकाचे साहाय्यक’ असे संबोधिले होते. १९६० च्या नोंदणीविषयक कायद्यात त्याऐवजी ‘वैद्यकाला पूरक व्यवसाय’ असा शब्दप्रयोग आला. साहाय्यक आणि पूरक यांतील अंतर केवळ शब्दाचे नाही. साहाय्यकाला दुसऱ्याच्या आज्ञेने काम करावयाचे असते. पूरकाला स्वतःचे क्षेत्र असते. कायरोपोडिस्टला त्या वर्षी हे क्षेत्र मिळाले, पण त्याच्या कुंपणाआड जखम होती की नव्हती हे कायद्याने सांगितले नाही.

तिकडे जखमेचे स्वरूपच बदलत होते. १८८७ मध्ये नॉटिंगहॅमच्या डेव्हिस प्राइस या वैद्याने दोन्ही तळव्यांना आरपार व्रण पडलेल्या एका मधुमेही रुग्णाचे वर्णन केले आणि त्याचा संबंध ज्ञानतंतूंच्या बिघाडाशी जोडला. निरीक्षण अचूक होते, तरी त्याचा उपयोग करून घेण्याची निकड तेव्हा नव्हती, कारण तीव्र मधुमेहाचे रुग्ण फार काळ जगत नसत. १९२२ मध्ये इन्सुलिनचा उपयोग सुरू झाला आणि माणसे मधुमेहासह दशकेच्या दशके जगू लागली; त्यांचे पाय बधिर होण्यास आता वेळ मिळाला. बॉस्टनमध्ये इलियट जॉस्लिन याने हे लवकर ओळखून पायांची निगा शिकविण्याच्या कामात परिचारिका व कायरोपोडिस्ट यांना एकत्र आणले. ब्रिटनमध्ये मात्र सर्वसाधारण समजूत अशी होती की, मधुमेह्याचा पाय सडतो तो साखरेमुळे आणि रक्त न पोचल्यामुळे, आणि त्याचा शेवट करवतीनेच होणार.

ही समजूत मोडण्याचे श्रेय मधुमेहाच्या चिकित्सेला जात नाही. ते कुष्ठचिकित्सेला जाते, आणि त्या इतिहासाचा रंगमंच दक्षिण आशिया आहे. १९३० नंतरच्या दशकात सिलोनमध्ये मिलरॉय पॉल आणि हिंदुस्थानात जोसेफ खान यांनी कुष्ठरोग्यांच्या तळव्यांवरील व्रणांना औषधी लेपांऐवजी संपूर्ण पावलाला चपखल बसणारे प्लास्टर घातले आणि रुग्णाला चालू दिले. व्रण भरून आले. औषध तेच किंवा कमी, पट्टीही साधी. बदलले होते ते एवढेच की देहाचे वजन एका बिंदूवर न पडता साऱ्या पावलावर पसरले होते. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेल्या पॉल ब्रँड या शस्त्रवैद्याने या अनुभवाला सिद्धांताचे रूप दिले. कुष्ठरोग्याचे मांस रोगामुळे ‘गळत’ नाही. वेदना नसल्यामुळे तो रुतणारा खिळा किंवा तापलेले भांडे सोडत नाही, आणि त्याच जागी हजारो पावले टाकून तो स्वतःच ती जखम खोल करतो, असे त्याने दाखवून दिले. यातूनच वेल्लोर व कारिगिरी येथे सूक्ष्मछिद्री रबराच्या मऊ चपलांचे काम वाढले. ‘एम. सी. आर. चप्पल’ हे तिचे नाव पुढे भारतभर कुष्ठकार्याच्या बोलीतील शब्द झाले.

महाराष्ट्राला या ज्ञानाचे महत्त्व कळण्यास अडचण नव्हती. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये, अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये आणि वरोड्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ नंतर जे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले, त्यात पायाची जखम ही रोजची गोष्ट होती. या क्षेत्रातील एक वैशिष्ट्य नोंदविण्याजोगे आहे. प्रशिक्षित परिचारिका पुरेशा न मिळाल्याने कुष्ठसंस्थांतून जखमा धुण्याचे व बांधण्याचे काम बरे झालेल्या रुग्णांनीही उचलले, आणि पाय भिजवणे, घट्टा घासून काढणे, तेल लावणे व रोज संध्याकाळी तळवा निरखणे हा परिपाठ रुग्णालाच शिकविला गेला. ब्रिटनमध्ये ज्या दोन कामांना दोन व्यवसाय आणि दोन नोंदणीपुस्तके होती, ती येथे गरिबीने एका हातात आणून ठेवली. गरिबीचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु घट्टा व जखम यांचे नाते जेथे एकच माणूस दोन्ही हाताळतो तेथे अधिक लवकर दिसते, इतके या उदाहरणावरून म्हणता येईल.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेला आणि तेथून हे ज्ञान मधुमेहाकडे वळले. बधिर पाय कोणत्या रोगाने बधिर झाला याला व्रणाच्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही, हे तेथे स्पष्ट झाले. १९८६ मध्ये कारव्हिलमधूनच एक लहानशी कसोटी प्रसिद्ध झाली. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवावा. तो ज्याला कळत नाही त्याच्या पायाला स्वतःचे रक्षण करता येत नाही असे समजावे. आज ब्रिटनमधील कोणत्याही पादचिकित्सालयात हा तंतू हाती येतो. त्याचा उगम कुष्ठरुग्णालयात आहे हे तो वापरणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात असेल हा प्रश्नच आहे.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मायकेल एडमंड्स याने १९८१ मध्ये मधुमेही पायांसाठी जे विशेष चिकित्सालय उघडले, ते या साऱ्या धाग्यांचे पहिले मोठे एकत्रीकरण होय. तेथे वैद्य, पादचिकित्सक, परिचारिका, पादत्राणे बनविणारा कारागीर व शस्त्रवैद्य हे एकाच छताखाली एकाच रुग्णाला पाहत. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार बधिर पायांवरील बहुसंख्य व्रण भरून आले आणि मोठ्या अंगच्छेदांचे प्रमाण निम्म्यावर आले. या यशात नवे औषध कोणतेच नव्हते. तीन वर्षांनी, १९८९ च्या ऑक्टोबरात, इटलीतील सेंट व्हिन्सेंट येथे युरोपीय देशांनी मधुमेहजन्य अंगच्छेद पाच वर्षांत निम्म्याने कमी करण्याचा जो संकल्प सोडला, त्यामागे अशा अनुभवांचा आधार होता. संकल्प मुदतीत पुरा झाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मात्र रुग्णालयातील चिकित्सालयात रुग्ण आठवड्यातून एकदा जातो. उरलेले दिवस तो आपल्या घरी असतो आणि तेथे पुन्हा गृहपरिचारिकाच येते. म्हणून प्रश्नाचे मर्म रुग्णालयात नव्हते, वस्तीत होते. येथे परिचारिकेच्या कौशल्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. जॉर्ज विंटर याने १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखविले की, झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर सुकलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने कातडी धरते. जखमेला वारा लागू द्यावा, खपली धरू द्यावी, ही शिकवण यामुळे मागे पडली, आणि हा बदल पुढील दशकांत आत्मसात केला तो बव्हंशी परिचारिकांनी. पुढे लंडनमध्येच क्रिस्टीन मोफॅट या परिचारिकेच्या पुढाकाराने नडगीवरील व्रणांसाठी वस्तीतील चिकित्सालये निघाली आणि चार थरांच्या घट्ट पट्टीने तेथे वर्षानुवर्षे न भरलेले व्रण भरू लागले. या कामाचा वृत्तान्त १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. व्रणोपचारातील तज्ज्ञ परिचारिका ही संस्था अशा प्रकारे पायाच्या वरच्या भागात प्रथम रुजली.

पण नडगी आणि तळवा यांचा धर्म परस्परविरुद्ध आहे. नडगीवरील व्रण नीलांत तुंबलेल्या रक्ताने होतो. त्याला दाब द्यावा लागतो. तळव्यावरील व्रण दाबानेच होतो. त्याचा दाब काढून घ्यावा लागतो. जी परिचारिका वर्षभर घट्ट पट्टी बांधण्यात प्रवीण झाली, तिचा सवयीचा हात घोट्याखाली उतरल्यावर चुकू शकतो. आणि ज्या पायाच्या रोहिणी आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला घट्ट पट्टी बांधली तर पाऊल जाण्याचाही संभव असतो. जाड पट्टी जोड्यात कोंबल्याने बोटे दाबली जातात, हीदेखील तशीच साधी पण नेहमी विसरली जाणारी गोष्ट. उलट पादचिकित्सक घट्टा पात्याने तासून काढतो. एवढ्याने त्या जागेवरील दाब चतुर्थांशाहून अधिक कमी होतो, असे १९९२ मध्ये मँचेस्टरच्या अभ्यासकांनी मोजून दाखविले. परंतु रुग्णाचे वाढलेले तापमान, त्याची औषधे, त्याची भूक, घरातील एकटेपणा, यांकडे पाहण्याची सवय पादचिकित्सकाच्या शिक्षणात त्या प्रमाणात नसे. ती परिचारिकेपाशी होती. एकाच्या अज्ञानाची जागा दुसऱ्याच्या ज्ञानाची जागा होती.

दोघांना जोडण्यास अखेर कायदाही कारण झाला. १९९२ च्या कायद्याने गृहपरिचारिकांना मर्यादित यादीतील औषधे व पट्ट्यांचे साहित्य लिहून देण्याचा अधिकार मिळाला व १९९४ पासून तो प्रथम प्रयोगादाखल अमलात आला. पादचिकित्सकांना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला तो २०१३ मध्ये. मधल्या काळात जखम मोकळी करणारा हात आणि तिच्यावर घालावयाची पट्टी लिहून देणारा हात कायद्यानेच पुष्कळदा भिन्न होते. पादचिकित्सा-सेवेतच व्रणोपचाराचे शिक्षण घेतलेली परिचारिका नेमण्यात हा व्यावहारिक लाभ होता. शिवाय तिच्याकडे घरोघर जाणाऱ्या परिचारिकांशी बोलण्याची भाषा होती, आणि हा लाभ कदाचित अधिक मोठा. ‘कोरडी’, ‘ओली’, ‘लाल’, ‘पिवळी’ या जखमेच्या वर्णनांचा अर्थ दोन व्यवसायांत एकच होत नाही, तोपर्यंत एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. २०१५ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी हे रूप अधिकृत केले. वस्तीतील पाद-संरक्षण सेवेचे नेतृत्व विशेष शिक्षण घेतलेल्या पादचिकित्सकाने करावे व त्या सेवेला व्रणोपचार जाणणाऱ्यांचे साहाय्य उपलब्ध असावे. आणि ज्याच्या पायाला नवा व्रण पडला आहे त्याला कामकाजाच्या एका दिवसाच्या आत पुढे पाठवावे, असे त्यांत म्हटले आहे. यातील कालमर्यादेचे महत्त्व मोठे आहे. बधिर पायाच्या रुग्णाला दुखत नसल्याने तो स्वतः घाई करीत नाही. घाई दुसऱ्या कोणीतरी करावी लागते.

दरम्यान ‘कायरोपोडिस्ट’ हे जुने नाव मागे पडून ‘पोडिएट्रिस्ट’, म्हणजे पादचिकित्सक, हे नाव रूढ झाले. अमेरिकेने ते १९५० नंतरच्या दशकातच स्वीकारले होते. ब्रिटनमध्ये ते सावकाश आले, आणि २०२१ मध्ये तेथील व्यावसायिक संस्थेला ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले तेव्हा तिच्या नावात जुना शब्द उरला नव्हता. कायद्याने मात्र तेथे दोन्ही नावांना संरक्षण आहे.

भारतात ब्रिटनसारखा दीर्घ परंपरेचा पादचिकित्सकांचा वर्ग निर्माण झाला नाही, आणि मराठीत त्याला सर्वमान्य नावही नाही. मधुमेह्यांची संख्या मात्र येथे फार मोठी. ही उणीव भरून काढण्यासाठी नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ शरद पेंडसे आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ पासून, हॉलंडमधील कारेल बाकर आणि टांझानियातील झुल्फिकारअली अब्बास यांच्या सहकार्याने, जी प्रशिक्षणयोजना राबविली तिचे इंग्रजी नाव ‘स्टेप बाय स्टेप’ असे होते. तीत प्रथम प्राथमिक व नंतर प्रगत असे दोन अभ्यासक्रम होते, आणि त्यांसाठी एकट्या डॉक्टरला बोलावण्यात आले नाही. प्रत्येक ठिकाणाहून एक डॉक्टर आणि त्याच्याबरोबर एक परिचारिका वा सहायक अशी जोडी बोलावण्यात आली.